दक्षिणेकडचा दिवा

“दिवाळीच्या अंकात मरणाविषयी लिहिणार? लोक चिवड्याची बशी मांडीवर घेऊन अंक वाचतात म्हटले!”

हा आमच्या घरातला अभिप्राय. मी लिहायला बसलो की चहाचा कप ठेवण्याच्या मिषाने आमच्या सौभाग्यवती कागदावर एक नजर टाकून जातात. शाळेत तीस-बत्तीस वर्षे मी पोरांच्या वह्या तपासल्या, त्याचे उट्टे त्या आता काढीत असाव्यात.

मी म्हणालो, “बरे, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तू कणकेचा दिवा करतेस तो कुठे ठेवतेस?”

“अंगणात.”

“त्याचे तोंड कोणत्या दिशेला असते?”

“दक्षिणेला.”

“आणि तो असतो कोणासाठी?”

त्यांनी रिकामा कप उचलला आणि त्या आत गेल्या. आमच्या घरात याला माझा विजय म्हणतात. असे विजय वर्षातून एखाददुसरा.

पण गंमत बघा. ज्याचे नाव शुभकार्यात कोणी काढीत नाही, त्या यमाला आपण दिवाळीत एकदा नव्हे, तीनदा बोलावतो. त्रयोदशीला त्याच्यासाठी दिवा, चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर त्याचे तर्पण, आणि द्वितीयेला तर तो चक्क बहिणीकडे जेवायला जातो. यमुनेने ओवाळले म्हणून ती यमद्वितीया, आपली भाऊबीज. युरोपातल्या चित्रांत मृत्यू म्हणजे हातात विळा घेतलेला हाडांचा सापळा. आमच्या यमाला मात्र वाट पाहणारी बहीण आहे, तिच्या घरी त्याच्यासाठी पाट मांडलेला आहे. हे ज्याला सुचले तो कवीच असला पाहिजे.

मी घाटंजीला मराठी शिकवीत असे. घाटंजी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातले कापसाचे गाव. वाघाडी नदीच्या आसऱ्याने वसलेले. हंगामात जिनिंगपुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागते, सरकी वेगळी होते, आणि हवेत उडणारा कापूस डोक्यावर बसून तरण्याताठ्या माणसाचे केसही पांढरे करून टाकतो. अशा गावात नवकविता आणि प्रतीके शिकवायची म्हणजे काय, हे ज्याने शिकविले त्यालाच ठाऊक. ‘प्रतीक’ हा शब्द परीक्षेत दोन गुणांचा. म्हणून मी प्रतीके फळ्यावर मांडून देत असे, डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ. वाण्याच्या यादीसारखी. पोरे ती उतरवून घेत, पाठ करीत आणि दोन गुण घेऊन मोकळी होत. मीही मोकळा होत असे.

खरे म्हणजे प्रतीके शिकवायला मास्तर लागतच नाही. आपली भाषाच त्यांत बोलते. आपल्याकडे माणूस मरत नाही, ‘जातो’ किंवा ‘वारतो’. फार मोठा असेल तर त्याला ‘देवाज्ञा होते’. बांगडी फुटत नाही, ती ‘वाढवते’. दिवा विझवायचा नाही, ‘शांत करायचा’. दुकानदार रात्री दुकान बंद करीत नाही, तो ते ‘वाढवतो’. जिथे काही संपते तिथे आम्ही वाढण्याची गोष्ट करतो. माझी आजी तर तांदूळ संपले असेही म्हणत नसे. “तांदूळ वाढले” म्हणे, आणि आजोबा निमूटपणे पिशवी घेऊन बाजारात जात.

तांबे यांच्या त्या कवितेचेच बघा. भास्कर रामचंद्र तांबे, ग्वाल्हेरचे राजकवी (१८७४ ते १९४१). सासरी जायला बावरलेल्या नव्या नवरीचे त्यांचे गीत लताबाईंनी गाऊन घरोघर पोचविले. वरवर ते लग्नाचे गाणे. पण जाणत्या रसिकांनी त्या नवरीत देह सोडायला कचरणारा जीव पाहिला आणि त्या प्रियकरात मृत्यू. एकदा आमच्या गावात एका लग्नात पाठवणीच्या वेळी ध्वनिक्षेपकावर नेमके तेच गाणे लागले. बायका पदराने डोळे टिपीत होत्या, आणि शेजारी बसलेल्या गणिताच्या मास्तरांच्या कानात मी त्याचा दुसरा अर्थ सांगत होतो. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही आता जेवून घ्या.” बिचारे बरोबरच बोलले. पुढे मीही पोरीची पाठवणी केली तेव्हा कळले की नवरीच्या बापाला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात.

याच्या अगदी उलट आमच्या यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर. पेशाने वकील, छंदाने शिकारी, आणि मराठीत शायरी रुजविणारा माणूस. ‘मराठी शायरी’ हे त्यांचे पुस्तक तरुणपणी मी उशाशी घेऊन झोपत असे. उर्दू शायर मरणापुढे उसासे टाकतात. भाऊसाहेब मात्र मेल्यावरही खोडी काढायचे सोडीत नाहीत. त्यांच्या शेरांतला माणूस तिरडीवरून बोलतो, स्मशानातल्या मित्रांची थट्टा करतो, नरकात मुक्काम असला तरी लोकांना पत्ता कैलासाचा देऊन ठेवतो. मैफलीत माणसे हसून लोळत. माझे वडील सनातनी, ते म्हणाले, “मरणावर कसली रे थट्टा!” आणि मग रात्री अंधारात, अंथरुणात एकटेच खुदुखुदु हसताना मी त्यांना ऐकले. वाघ मारलेला माणूस मृत्यूकडे कसा बघतो, हे पुस्तकी मास्तराला कुठून कळावे? माझ्या फळ्यावर भाऊसाहेब मात्र कधी आले नाहीत. त्यांच्यावर प्रश्न येत नसे.

फळ्यावर येत असे ‘औदुंबर’. पाठ्यपुस्तकात असो वा नसो, ही कविता मी दरवर्षी शिकवीत असे. बालकवींची अवघ्या आठ ओळींची. ओढा, टेकड्या, चार घरांचे गाव, कुरणांतून निघून अंधाऱ्या पाण्याशी जाणारी वाट, आणि त्या पाण्यात पाय सोडून बसलेले एक झाड. बस्स. एवढ्या आठ ओळींवर समीक्षकांनी जितके लिहिले तितके कोणा खंडकाव्यावरही लिहिले नसेल. कोणी त्यात मृत्यू पाहिला, कोणी विरक्त योगी, कोणी म्हणाले हे नुसते चित्र आहे, उगाच डोके लावू नका. कवी स्वतः ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनावर रेल्वेखाली सापडून गेला, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. त्यामुळे त्या काळ्या पाण्यात मरण शोधण्याचा मोह वाचकाला आणखीच होतो. मलाही झाला. मी फळ्यावर लिहीत असे: हिरवळ म्हणजे जीवन, वाट म्हणजे माणसाचा प्रवास, काळे पाणी म्हणजे मृत्यू, झाड म्हणजे अलिप्त साक्षी.

२००६ सालचा श्रावण. त्याच जुलैत पंतप्रधान विदर्भात येऊन गेले होते, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गांजलेल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झाले होते. त्या सहांत आमचा यवतमाळ होताच. वर्तमानपत्रात रोज आकडे येत. आकडा हेही एक प्रतीकच. त्याच्या आड माणूस दिसत नाही ही त्याची सोय.

नववीच्या वर्गात मी ‘औदुंबर’ शिकवीत होतो. फळ्यावर यादी लिहून झाली होती. तिसऱ्या बाकावर एक मुलगा पंधरा दिवसांनी शाळेत आला होता. नदीपलीकडच्या एका खेड्यातला. डोक्यावर टोपी, आणि टोपीखाली मुंडण. तेरवी आटोपून आलेला. त्याच्या बापाने औषध घेतले होते. आमच्याकडे पिकावर फवारतात त्या विषाला ‘औषध’ म्हणतात. पिढ्यानुपिढ्या अर्थ लपवीत आलेल्या आपल्या भाषेने केलेली ही सर्वांत क्रूर गोष्ट, असे मला वाटते. पुढे २०१७ साली नुसती फवारणी करतानाच विषबाधा होऊन जिल्ह्यात कित्येक शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हाही लोकांच्या तोंडी शब्द हाच होता.

तो मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, आमच्या वावरातल्या इहिरीचं पानीबी असंच काळं दिसते.”

वर्गात एकदम शांतता पसरली. सगळ्यांना सगळे माहीत होते. मला माहीत होते. आणि मी काय केले? मी म्हणालो, “हं. बस खाली,” आणि उरलेला अर्थ फळ्यावर पुरा केला. खडू हातात होता, म्हणून हात थरथरला ते कोणाला दिसले नाही.

त्या रात्री टॉल्स्टॉयचा इव्हान इलिच आठवला. १८८६ सालची ती दीर्घकथा. एक न्यायाधीश मरणपंथाला लागला आहे. डॉक्टर, बायको, स्नेही सगळे त्याच्याशी ‘बरे वाटेल’ असे खोटे बोलत राहतात. खोटे बोलत नाही तो एकटा गेरासिम, घरातला खेडवळ नोकर. तो मालकाचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन रात्ररात्र बसतो, कारण तेवढ्याने मालकाला बरे वाटते. ही कथा मी चारदा वाचली होती, तिच्यावर भाषणही दिले होते. आणि वर्गात वेळ आली तेव्हा मी त्या डॉक्टरांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो होतो.

मुलगा पुन्हा आठ दिवस आला नाही. रविवारी मी सायकल काढून त्याच्या खेड्याला गेलो. ओसरीवर आजी तूर पाखडीत होती. तिने मला बाज टाकून दिली, काळा चहा दिला, आणि “पोरगं वावरात हाय” एवढेच म्हणाली. वावरात गेलो. विहीर होती. कठडा नसलेली, काठाला गवत माजलेली. मुलगा तिच्यापासून चार हात लांब बसला होता.

मी त्याच्याजवळ बसलो. काय बोलावे सुचेना. शेवटी म्हणालो, “वर्गात तू बोललास, मी तुला खाली बसविले. चुकले माझे.”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “माहे बाबा इथीसाच बसत. पाय सोडून. जेवायच्या टायमाले. मले वाटलं, तुम्ही त्याईचीच कविता शिकवून राहिले.”

आठ ओळींवर मी वाचलेले सगळे लेख त्या विहिरीत पडले म्हणाना. त्याच्या लेखी ते पाणी मृत्यूचे नव्हते आणि झाड योगी नव्हते. भाकरीच्या वेळी पाण्यात पाय सोडून, कुठेतरी हरवल्यासारखा बसलेला त्याचा बाप होता तो.

मग हळूहळू दुसरेही बाहेर आले. आदल्या रात्री बापलेकांचे भांडण झाले होते. फार मोठे नव्हे, पोराने वह्यांसाठी पैसे मागितले इतकेच. बाप ओरडला, पोर न जेवता झोपले. सकाळी उठले तेव्हा सगळे होऊन गेले होते. “रागातच गेले,” तो म्हणाला. मी म्हणालो, “वह्यांच्या पैशांनी कोणी जात नाही रे. कर्ज, पाऊस, काय काय असते, ते तुझ्या वयाच्या पोरावर नसते.” त्याने मान हलवली, पण पटले असे दिसले नाही.

तेव्हा मी त्याला नचिकेत्याची गोष्ट सांगितली. शिकवायची म्हणून नव्हे, दुसरे काही जवळ नव्हते म्हणून. कठोपनिषदातला हा पोरगा. बाप यज्ञात म्हाताऱ्या, आटलेल्या गाई दान देतो, ते याला खटकते. तो पुन्हा पुन्हा विचारतो, मला कोणाला देणार? बाप चिडून म्हणतो, जा, तुला मृत्यूला दिला! पोरगा खरेच यमाच्या दारी जातो. यम घरी नाही. तीन रात्री हा उपाशी दारात. यम परत येतो, ओशाळतो, आणि एकेका रात्रीबद्दल एकेक वर देऊ करतो. तिसऱ्या वरात त्याने मरणानंतरचे रहस्य विचारले, त्यावरच सगळे तत्त्वज्ञान उभे आहे, आणि आम्ही मास्तर लोक घाईघाईने तिकडेच धावतो. त्या दिवशी विहिरीजवळ मला पहिला वर आठवला. पहिल्या वरात त्याने मागितले, की माझ्या बापाचा राग शांत व्हावा आणि मी परत गेलो की त्याने मला ओळखावे. यमाने ते ताबडतोब देऊन टाकले. पुढच्या वरासाठी त्याने पोराला किती आमिषे दाखविली, किती टाळाटाळ केली! या वरासाठी मात्र एका शब्दाचीही घासाघीस नाही.

“म्हंजे राग गेला?” मुलाने विचारले.

“गेला.”

तो उठला, दोर टाकून बादलीभर पाणी शेंदले आणि मला प्यायला दिले. बादलीत आल्यावर ते काळे नव्हते. आम्ही दोघांनी प्यालो. सोमवारी तो शाळेत आला. त्या वर्षीपासून फळ्यावरची माझी यादी मी बंद केली. परीक्षेत पोरांचे दोन गुण जात असत, त्याबद्दल एका पालकाने तक्रारही केली, आणि माझ्याजवळ तिला उत्तर नव्हते.

तो मुलगा आता तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. तेच वावर करतो. कापसाबरोबर तूर घेतो, चार शेळ्या पाळल्या आहेत. श्रीमंत झाला असे नाही, भावाची चिंता दरवर्षीचीच आहे. दिवाळीच्या सुमारास टोपलीभर सीताफळे घेऊन येतो. गेल्या धनत्रयोदशीलाही आला. अंगणात आमच्या सौभाग्यवती कणकेचा दिवा घेऊन उभ्या होत्या. कोपऱ्यात नवी इमारत झाल्यापासून त्यांना दक्षिण नेमकी सापडत नाही. त्याने हाताने दिशा दाखविली, वाकून वात सारखी केली.

मग ओट्यावर बसून चहा घेताना म्हणाला, “सर, औंदा इहिरीले कठडा बांधला. पोरगी चालाले लागली न.”