स्पितीची वाट व गाडीचीं चाकें

हिमाचल प्रदेशांतील लाहौल व स्पिती हीं दोन खोरीं कुंझुम खिंडीनें जोडलेलीं आहेत. खिंडीची उंची सुमारें ४,५५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेतीन पट. मनालीहून निघालें म्हणजे २०२० सालीं खुल्या झालेल्या ९ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यांतून पीर पंजालची रांग आपण पोटांतूनच ओलांडतों. बोगद्याबाहेर लेहचा मार्ग सोडून कोकसर, ग्राम्फू अशी वाट धरली कीं, चंद्रा नदीची सोबत सुरू होते आणि रस्ता आपलें खरें रूप दाखवूं लागतो.

ग्राम्फू ते बातल हें अंतर सुमारें ५० किलोमीटरांचें. सीमा सडक संघटनेनें हा मार्ग सुधारण्याचें काम हातीं घेतलें आहे. परंतु जेथें तें पोंचलें नाहीं तेथें नदीचे गोटे, फुटक्या दगडांच्या धारदार कडा व हिमनद्यांतून उतरणारे ओहोळ हाच रस्ता होय. दुपारीं ऊन तापलें कीं बर्फ वितळतें व हे ओहोळ फुगतात. म्हणून जाणते लोक ते सकाळींच ओलांडतात. वाटेंत छत्रू व बातल येथें उन्हाळ्यापुरते ढाबे लागतात. चहा, डाळभात व अंथरूण मिळतें, पण नवा टायर मिळत नाहीं. तेव्हां या वाटेवर चाकाची निवड ही हौसेची बाब राहत नसून मुलांबाळांच्या सुरक्षिततेची बाब होते.

गेल्या भाद्रपदांत आम्ही घरचीं पांच माणसें पुतण्याच्या चारही चाकांस बळ देणाऱ्या गाडीनें पुण्याहून या यात्रेस गेलों. निघण्यापूर्वीं टायरांवरून घरांत बराच खल झाला. एका दुकानदारानें चिखलासाठीं बनविलेले, बोटभर खोल खाचांचे टायर दाखविले होते व पुतण्याचें मन त्यांवर बसलें होतें. "काका, डोंगरांत जायचें तर चाकें अशीच रांगडीं पाहिजेत!" तो म्हणाला. त्यावर त्याची पत्नी म्हणाली, "अहो, पण ओल्या डांबरावर हीं चाकें थांबतील केव्हां?" वादाचें मर्म त्या एका प्रश्नांत होतें.

हिशेब सोपा आहे. पुणें ते मनाली सुमारें २,००० किलोमीटर. जाऊन येऊन ४,०००. त्यांत मनाली-काझा-मनाली हे ४०० च्या आंतले मिळविले, तरी खरा खडकाळ भाग शेंकडा पांचांच्या आसपासच भरतो. चिखलाच्या टायरांच्या खाचा रुंद असतात. त्यामुळें चिखल झडून जातो हें खरें, परंतु डांबराला टेकणारें रबर कमी पडतें. ओल्या रस्त्यावर गाडी उशिरां थांबते, दिवसभर घोंघाट होतो व इंधनहि अधिक लागतें. उलट, शहरी टायराची बगल, म्हणजे रिमेपासून नक्षीपर्यंतची उभी भिंत, पातळ असते. धारदार दगडानें ती चिरली जाते. सर्व प्रकारच्या भूमीसाठीं केलेला 'ऑल-टेरेन' टायर या दोहोंच्या मधला होय. स्पिती ही बुद्धाच्या उपासकांची भूमि. येथील ताबोचा विहार इ. स. ९९६ चा. त्या भूमीकडे जाणाऱ्यानें चाकांच्या बाबतींतहि मध्यमा प्रतिपदा स्वीकारावी, हें उचितच आहे.

नक्षीपेक्षां बगलेकडे अधिक पाहावें, असें माझें आग्रहाचें सांगणें आहे. नक्षींत खिळा शिरला तर रबराची पट्टी खोंचून पंक्चर काढतां येतें. बगल चिरली तर तो टायर निकामीच समजावा. छत्रूच्या पुढें एक गाडी अशाच चिरलेल्या बगलेनें उभी असलेली आम्हांस आढळली. स्टेपनी आधींच खर्चीं पडली होती. दोन लहान मुलें शाल पांघरून दगडावर बसलीं होतीं. आमच्या स्टेपनीचें माप त्यांच्या गाडीस जुळेना. शेवटीं मुलांना व त्यांच्या आईला आम्ही दाटीवाटीनें काझापर्यंत आणलें. वडील गाडीपाशीं राहिले. म्हणून स्टेपनी ही चारही टायरांच्याच मापाची व तितकीच भक्कम असावी.

टायराच्या अंगावरील लेख वाचतां येणें हें पंचांग वाचतां येण्यासारखेंच उपयोगाचें आहे. २३५/७० आर १६ असें लिहिलें असेल, तर रुंदी २३५ मिलिमीटर, बगलेची उंची रुंदीच्या शेंकडा ७० आणि रिम १६ इंची. पुढील अंक भाराचा: १०० म्हणजे एका टायरास ८०० किलो, १०९ म्हणजे १,०३० किलो. गाडी, माणसें, सामान व टपावरील ओझें यांची बेरीज करून, कारखान्यानें सांगितलेल्या अंकाहून कमी अंकाचा टायर कधींहि घेऊं नये. एका लंबगोलांत चार अंक असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. जुनें रबर नक्षी शाबूत असतांहि तडकतें, म्हणून ही जन्मतिथि दुकानांतच पाहावी.

मोठें चाक घेण्याचा मोहहि आवरावा. वरील मापाऐवजीं २४५/७५ आर १६ घातल्यास चाकाचा व्यास शेंकडा पांचांनीं वाढतो; वेगदर्शक ६० दाखवितो तेव्हां गाडी ६३ नें धांवत असते, आणि वळणावर टायर मडगार्डास घासण्याचा संभव असतो. बैलगाडीच्या चाकावर लोहार धांव चढवितो तीहि घेराच्या मापानेंच. सैल धांव निसटते, घट्ट धांव चाकास पिळते.

आतां हवेचें. समुद्रसपाटीजवळ ३५ पौंड हवा भरलेलें चाक कुंझुमवर नेलें, तर बाहेरील वातावरणाचा दाब तेथें जवळजवळ निम्म्यावर येत असल्यामुळें मापकांत दाब सहा पौंडांनीं वाढलेला दिसावा. पण थंडीनें आंतील हवा आकुंचन पावते. ३० अंशांवरून तापमान ५ अंशांवर आलें तर सुमारें चार पौंड कमी होतात. म्हणून मनालीस, सकाळीं, चाकें थंड असतांना दाब तपासून घ्यावा. खडकाळ भागांत हवा थोडी कमी केल्यास धक्के कमी बसतात. परंतु फार कमी केली तर बगल बाहेर फुगून दगडांच्या तावडींत सांपडते, आणि त्याच हवेवर डांबरावरून वेगानें गेल्यास टायर तापून फुटण्याचें भय असतें. सोबत मापक व पंप असावा.

कुंझुमच्या माथ्यावर देवीचें स्थान आहे. तेथें गाड्या देवीला प्रदक्षिणा घालून मगच स्पितींत उतरतात. आम्हीहि घातली. मग पुतण्यानें गाडी थांबवून एकेका टायराच्या बगलेवरून हात फिरविला, खांचेंत अडकलेले खडे काढले व पुढें निघाला. यात्रेकरूनें रोज सकाळीं एवढें केलें तरी पुष्कळ झालें.