एक हजार चोवीस

२०१४ साली गणेश चतुर्थी २९ ऑगस्टला, शुक्रवारी आली होती. मंडळाचा गणपती नेहमीप्रमाणे शनिवारी, आणि महाप्रसादातलं श्रीखंड आमच्या घराकडे. गुरुवारी दुपारी मी मलमलच्या फडक्यात दही बांधून सिंकच्या नळाला टांगतोय, तोच फोन वाजला. ज्या कॉलेजचं नेटवर्क मी सांभाळतो तिथून. सत्राचा पहिला आठवडा, आणि पोरांना वाय-फायवर लॉगिन होईना.

आपण वाय-फायला नाव-पासवर्ड देतो, तो अशा ठिकाणी रेडियस नावाचा सर्व्हर तपासतो. जन्म १९९१ चा, लिव्हिंगस्टन नावाच्या कंपनीत, डायल-अपसाठी. (तो मोडेमचा किंचाळणारा आवाज आठवतोय ना?) मोडेम गेले, रखवालदार तोच राहिला.

लॉगमध्ये ओळीमागून ओळ एकच तक्रार होती: विनंती टाकून दिली, १०२५ फार झाल्या. मर्यादा १०२४ ची. फाइलमध्येच सल्ला असतो की जितके क्लायंट, गुणिले २५६. क्लायंट म्हणजे विद्यार्थी नव्हेत, वाय-फायचे कंट्रोलर. विनंतीचा क्रमांक एका बाइटात बसवलेला, म्हणून एका पोर्टवरून एका वेळी २५६ च विनंत्या उघड्या राहू शकतात. चार कंट्रोलर होते तेव्हा १०२४ ठीक होतं. आता अकरा झाले होते.

त्यात उत्तर दिलेली विनंतीही लगेच जागा सोडत नाही. उत्तर वाटेत हरवलं आणि तीच विचारणा पुन्हा आली तर हाताशी असावी, म्हणून ती पाच सेकंद ठेवतात. आपल्या हॉलमध्ये जेवून उठलेली मंडळी दारातच गप्पा मारत उभी राहतात आणि बाहेरची रांग हलत नाही, तसंच. एका लॉगिनला साधारण दहा विनंत्या लागतात. म्हणजे ढोबळमानाने सेकंदाला वीस पोरं. तास सुटला की सगळ्यांचे फोन एकदम दार ठोठावणार!

मी १०२४ चे थेट २०,००० केले. लॉग शांत झाला. 'झालं काम' असं कळवून मी वेलदोडे सोलायला बसलो.

वीस मिनिटांनी पुन्हा फोन. आधी निदान काही जण आत जात होते, आता कुणीच नाही. खरं दुखणं मागेच होतं. पासवर्डांची डिरेक्टरी ज्या रकान्यात शोध घेत होती, त्याला इंडेक्सच नव्हता. आधी जादा विनंत्या दारातून परत जात होत्या. आता सगळ्या आत येऊन ताटकळत होत्या. कंट्रोलर काही सेकंद वाट पाहून पुन्हा विचारत, आणि आमची उत्तरं पोचेपर्यंत ती ऐकायला कुणी नसे. १०२४ चा आकडा बोंब मारून काहीतरी सांगत होता. मी त्याचं तोंड दाबलं होतं.

संध्याकाळी इंडेक्स झाला, मर्यादा २८१६ केली, आणि सगळं सुरळीत झालं. आता आवृत्ती ३ बरोबर येणाऱ्या फाइलमध्ये हा आकडा मुळातच १६३८४ असतो, म्हणून तो हल्ली कुणाच्या नजरेस पडत नाही.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये प्रश्न आला: १०२४ कुणी ठेवलं होतं? सगळ्यांच्या नजरा कॉलेजच्या तरुण टेक्निशियनकडे गेल्या. बिचारा मान खाली घालून बसला. तो तर त्या नोकरीत नवा. आकडा २००९ सालचा, शेजारी आद्याक्षरं माझी. पण ती फाइल त्या खोलीत दुसऱ्या कुणी उघडली नव्हती, आणि माझं कंत्राट महिन्याभरात नव्याने व्हायचं होतं. मी बोललो, पण लगेच नाही. पाच-सहा सेकंद गेले असतील. फार वाटले. मग म्हटलं, १०२४ माझे, आणि कालचे २०,००० ही माझेच.

तो पोरगा शनिवारी आपल्या गणपतीला आला. या गोंधळात चक्का नको तितका वेळ टांगलेला राहिला होता, श्रीखंड चांगलंच आंबट झालं होतं. त्याने दोनदा घेतलं आणि काही बोलला नाही.