पाण्याखालचे हात

मराठी माणसाच्या लेखी मार्सेलिस हे गाव नव्हे, ती एक उडी आहे. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीतून सावरकरांनी घेतलेली उडी, काठावर झालेली धरपकड आणि पुढच्या साली हेगच्या लवादाने इंग्रजांच्या बाजूने दिलेला निकाल, एवढे आपल्याला पाठ असते. त्या बंदरामागे अडीच हजार वर्षांचे जुने शहर नांदते आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. माझी धाकटी बहीण नोकरीनिमित्त तिथे असते, म्हणून यंदाच्या सुटीत आम्ही उभयता चार दिवस तिच्याकडे राहून आलो. तिच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनी स्टेशनवरच मला बजावले, “मामा, मार्सेलिस नाही, मार्सेय!”

“तुझं मार्सेय असू दे, आमचं मार्सेलिसच,” मी म्हटले. त्यानेही मोठ्या मनाने ही तडजोड मान्य केली.

चारांतला एक दिवस आम्ही काही न ठरवता काढायचा, असे ठरवले. सकाळी जुन्या बंदरावर गेलो. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोसिया गावचे ग्रीक खलाशी याच खाडीत शिरले आणि त्यांनी हे शहर वसवले. आता तिथे शिडाच्या होड्यांची दाटी असते आणि धक्क्यावर सकाळची ताजी मासळी विकायला मांडलेली असते. मासे विकणाऱ्या बाईचा आवाज, हातवारे आणि गिऱ्हाइकाने भाव विचारून पुढे सरकताच तिने टाकलेला कटाक्ष, हे सारे थेट आपल्याकडचे. सौभाग्यवतींना फ्रेंचचे अक्षर येत नाही. तरी पाच मिनिटांत दोघींमध्ये माशाच्या ताजेपणाविषयी कसलेसे बोलणे झाले. घेतले काहीच नाही. घेतला तो साबण: ‘७२ टक्के’ तेलाचा शिक्का मारलेला ओबडधोबड ठोकळा. तो पुढे सामानाच्या वजनात किती जड झाला, ते वेगळे सांगत नाही.

दक्षिणेच्या काठाने रमतगमत निघालो. डोक्यावर टेकडीवरच्या देवळाची सोनेरी मेरी. खलाशी तिला ‘भली आई’ म्हणतात. मग लहानशा फेरीबोटीने खाडी ओलांडून पलीकडे गेलो. खाडीच्या मुखाशी जुना किल्ला आहे. त्याच्या पुढे, अगदी समुद्राला लागून, एक नव्या तऱ्हेची इमारत पाण्यावर पुढे झुकलेली दिसते. तिच्या पोटात, समुद्राच्या पातळीच्याही खाली, २०२२ सालापासून एक गुहा आहे. म्हणजे गुहेची प्रतिकृती.

नक्कल पाहायची, तीही तिकीट काढून, याला मी मनातून नाखूष होतो. अजिंठ्याच्या लेण्यांत अंधाराला डोळे सरावेपर्यंत उभा राहिलेला मी माणूस! पण इथे दुसरा इलाजच नाही. खरी गुहा शहराच्या दक्षिणेच्या कड्यांत आहे आणि तिचे तोंड समुद्रात ३७ मीटर खोल आहे. आन्री कोस्केर नावाच्या पाणबुड्याला ती वाट १९८५ साली सापडली. शंभराहून अधिक मीटर अरुंद बोगदा चढत पोहायचा, तेव्हा कुठे डोके पाण्याबाहेर काढता येते. भिंतीवरचे हात त्याला दिसले ते १९९१ साली. त्याच वर्षी तीन पाणबुडे त्या बोगद्यात वाट चुकून बुडाले, आणि मग गुहेची बातमी सरकारदरबारी गेली. सुरुवातीला काही विद्वानांनी चित्रे बनावट ठरवली. (न पाहिलेल्या गोष्टीवर अभिप्राय देण्याची चाल आमच्याच व्यवसायात आहे असे मला वाटत होते.) कोळशाचे वय तपासले, तेव्हा ती मंडळी गप्प झाली.

लिफ्टने खाली उतरलो. सहा जणांच्या एका लहानशा गाडीत बसवतात. ती अंधारात आपोआप वळत, मागे सरत चालते. कानाला माहिती सांगणारे यंत्र. घोडे, गवे, रानबकऱ्या एकेक करून उजेडात येतात. पेंग्विनसारखे तीन पक्षीही आहेत. ते ग्रेट ऑक. त्यांची शेवटची ज्ञात जोडी १८४४ साली आइसलँडजवळच्या बेटावर मारली गेली. चित्रे ३३ हजार ते १९ हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा हिमयुग होते. समुद्र आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली आणि काही कोस दूर होता. माणसे कोरड्या पायांनी, मशाली घेऊन आत येत. मग बर्फ वितळले आणि गुहेचा चार-पंचमांश भाग पाण्याखाली गेला.

आणि हात. साठाहून अधिक. आपल्याकडे लग्नघराच्या भिंतीवर हळदकुंकवाचे थापे उमटवतात, तसे मात्र हे नव्हेत. भिंतीवर पंजा टेकायचा आणि भोवती रंग फुंकायचा. पंजा उचलला की उरते ती हात नसलेली जागा. दिवाळीच्या सुटीत कागदावर पिंपळपान ठेवून, दात घासायच्या ब्रशाने शाई उडवून आपण भेटकार्डे करीत असू, तीच ही युक्ती.

“मामा, बोटं कुठे गेली?” चिरंजीवांचे लक्ष माझ्याआधी गेले होते. कित्येक हातांची बोटे अर्धीच आहेत. कोणी म्हणतात, थंडीने झडली. कोणी म्हणतात, मुद्दाम मुडपली, ती खुणांची भाषा होती. मला दुसरे खरे वाटते. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला तेच वाटणार! पण बोलणारा गेला, ऐकणारा गेला, आणि वाक्य तेवढे भिंतीवर राहिले, हे पाहताना माझ्या घशात काहीतरी अडकले.

तेही आता राहणार नाही. पाण्याच्या रेषेवर घोड्यांचे एक चित्र आहे; त्यांचा खालचा भाग पाण्याने पुसला आहे. समुद्र चढतो आहे, आणि त्याबरोबर आतले पाणीही.

“मग पाणी काढून का नाही टाकत?”

“अरे, तो समुद्रच आहे ना. किती काढणार?”

“मग चित्रं काढून आणायची.”

“ती दगडावरच आहेत, बाळा.”

त्याने यावर बराच वेळ विचार केला. म्हणून तर तज्ज्ञांनी गुहेची इंच न् इंच मापे घेऊन ठेवली आहेत, म्हणून तर ही नक्कल, हे मी त्याला सांगितले. बाहेर आल्यावर तो आईस्क्रीमसुद्धा मुकाट्याने खात होता. समोर निळाशार समुद्र. लोक पोहत होते, हसत होते.

रात्री जेवणे झाल्यावर बहिणीचा आवाज चढला. “भिंतीवर नाही! भाड्याचं घर आहे! कागदावर कर!”

त्याने कागदावर केले. डावा पंजा, भोवती निळी शाई, मधली दोन बोटे मुडपलेली. मी विचारले, “काय लिहिलंयस रे यात?”

“ते मी नाही सांगणार,” तो म्हणाला, स्वच्छ मराठीत.

ब्रश मेहुण्यांचा होता, हे सकाळी कळले.