माझी हजेरी आणि लेकीची हजेरी



चौथीच्या बाईंनी या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी ‘आईचे मनोगत’ लिहून मागितले. मी सातवी शिकलेली. लग्नानंतर पेन हातात धरले ते बचत गटाच्या वहीत सही करण्यापुरतेच. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुकांना मुलांनी हसू नये, बाईंनी त्या लाल पेनाने दुरुस्त कराव्यात.

आमच्या घरी आम्ही सहा माणसे. आम्ही दोघे, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, थोरला सहावीत, लेक चौथीत आणि धाकटा दोन वर्षांचा. दोन एकर कोरडवाहू रान आणि एक म्हैस. एवढ्यावर भागत नाही, म्हणून मी दुसऱ्याच्या रानात रोजाने जाते.

पहाटे साडेचारला उठायचे. नळाला दोन दिवसांआड पाणी येते, तेही पाच वाजता. झाडलोट, शेणघाण, म्हशीची धार, दहा-बारा भाकरी, सगळ्यांचे डबे, धाकट्याची आंघोळ. त्यात आत्याबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, त्यांच्या डोळ्यांत वेळेवर थेंब टाकायचे. आणि आठला बायांची टमटम गाठायची. ती चुकली की रोज बुडाला! संध्याकाळी पुन्हा चूल, भांडी, धार, अंथरुणे. रात्र थोडी आणि सोंगे फार, असे आमचे जिणे. माझ्या एकटीचे नाही, घरोघरी मातीच्या चुली. आता चुलीशेजारी गॅस आला, पण म्हण काही खोटी झाली नाही.

गेल्या सुगीची गोष्ट. सोयाबीन काढणीला आले होते. शेंगा वाळून फुटायच्या आत कापणी व्हायला हवी आणि पावसाचा नेम नाही, म्हणून त्या दिवसांत बायांना मागणी फार. चार पैसे मिळायचे ते तेव्हाच. पण धाकट्याला कुणाजवळ ठेवायचे? आत्याबाईंना नीट दिसत नव्हते. मी लेकीला म्हणाले, “आजच्या दिवस राहा गं घरी.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाले. मग म्हणावेही लागले नाही. मी विळा घेतला की ती आपण होऊन दप्तर खुंटीला टांगायची.

एका संध्याकाळी मी घरी आले. कंबर मोडलेली, लाईट गेलेली, धाकटा रडतोय, सकाळची भांडी तशीच. आणि लेक दिव्याजवळ वही घेऊन बसलेली. माझे डोके फिरले. “दिवसभर घरी असून भांडी घासायला काय झालं गं तुला?” म्हणत माझा हात उठला. ती रडली नाही. मुकाट उठली आणि भांडी घासायला बसली. मी वही उचलून पाहिली, तर शेजारी मैत्रिणीची वही उघडी होती. पोरगी शाळेत बुडालेला धडा उतरवून घेत होती!

त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढच्या आठवड्यात पालकसभा होती. मी जाणार नव्हते, पण बाईंनी निरोप धाडला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढे दोन हजेऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या. थोरल्याची एकही गैरहजेरी नव्हती. लेकीच्या नऊ! मी बोटांवर मोजले. माझे रोजही नऊच भरले होते. माझी हजेरी रानात लागली आणि तिची शाळेत बुडाली.

बाईंनी सभेत एक माहिती सांगितली. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली, माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे भरला, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांत घरकाम करणारेच थोडे, आणि जे करतात त्यांचा वेळ ९७ मिनिटे. लेकरे नि म्हातारी माणसे सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा! ऐकून बाया एकमेकींकडे बघून हसल्या. मला काही हसू आले नाही. मला वाटले, ओझे डोक्यावरून उतरवले म्हणजे ते नाहीसे होत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाते. माझ्या घरी ते सगळ्यांत मुकाट डोक्यावर गेले होते.

घरी येऊन ह्यांना सांगितले. हे म्हणाले, “मग रोज बुडवायचा का? खताच्या दुकानाची उधारी कोण फेडणार?” तेही खोटे नव्हते. मी भांडले नाही. लेकीला म्हणाले, “तुझी वही आण. घरातली सगळी कामं लिही आणि कोण करतं त्याचं नाव पुढं लिही.”

कामे भरली एकवीस. माझ्या नावापुढे चौदा, लेकीच्या पाच, आत्याबाईंचे एक, ह्यांचे एक. थोरल्यापुढे शून्य. थोरला वहीकडे बघून म्हणाला, “आई, मला शून्य नको.” सगळे हसलो, आणि तिथून वाट सापडली.

आता नळाचे पाणी हे भरतात. पहिल्या दिवशी पारावर लोक हसले, हे दोन दिवस घुश्शात होते. पण पाणी भरणे सोडले नाही. थोरला अंथरुणे काढतो, आपले ताट आपण घासतो आणि आजीच्या डोळ्यांत थेंब टाकतो. दुसऱ्या दिवशीची भाजी मी रात्रीच निवडून ठेवते.

राहिला धाकट्याचा प्रश्न. आमच्या गल्लीत तान्ही लेकरे असलेल्या आम्ही चौघी. पूर्वी बैलांची सावड असायची, तशी आम्ही लेकरांची सावड केली. रोज एकीने घरी राहून चौघींची लेकरे सांभाळायची, तिघींनी कामाला जायचे. पण घरी राहणारीचा रोज बुडतो, त्याचे काय? ते गणित लेकीने मांडले. एका बाईचा रोज ३०० रुपये, तिघींचे ९००, भागिले चार. प्रत्येकीला २२५! घरी राहणारीलाही तेवढेच. पाऊणशे रुपये कमी मिळतात खरे, पण एकाही घरची लेक शाळा बुडवत नाही.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. अजून घाई आहे, कधी भाकरी करपते, कधी माझा आवाज चढतो. पण आता आवाज चढला की मी दारात जाऊन तांब्याभर पाणी पिते आणि मगच बोलते. त्या संध्याकाळबद्दल मी लेकीला म्हणाले, “माझं चुकलं गं.” ती म्हणाली, “आई, तू दमली होतीस.” एवढ्या लेकराने मला समजून घ्यावे, याचे मला बरेही वाटले आणि वाईटही.

माझ्या भगिनींनो, दमलात तर घरात तसे बोलून दाखवा, आणि वही काढून कामे लिहा. बालमित्रांनो, तुम्हीही आज घरी जाऊन अशी यादी करा, आणि आपल्या नावापुढे किती कामे येतात ते पाहा. मुलग्यांनी तर जरूर पाहावे.

गेल्या महिन्यात लेकीची हजेरी पूर्ण भरली. एवढे सांगून मी माझे दोन शब्द संपवते.