वहीचा समास

आईची भिशीची वही लाल पुठ्ठ्याची होती. जोगेश्वरी पूर्वेला, मेघवाडीतल्या आमच्या चाळीत ती बायकांची भिशी चालवायची. वहीत डावीकडे नाव, मध्ये रक्कम आणि उजवीकडे तिने स्वतः आखलेला समास. त्यात बारीक अक्षरांत नोंदी असत: ‘नवरा कामावरून बसला’, ‘लेक बाळंतपणाला आलीय’. ज्या नावापुढे अशी नोंद असे, त्या घरी त्या महिन्यात आई पैसे मागायला जात नसे.

जानेवारी १९९३ च्या दंगलीच्या वेळी मी दहा वर्षांची होते. गांधीनगरातल्या राधाबाई चाळीत घराला आग लावून आतली माणसं मारली गेली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जोगेश्वरी दुभंगली. वर्षानुवर्षांचे शेजारी सामान बांधून निघून गेले. आईच्या वहीतली चार नावं परत आली नाहीत. तिने ती खोडली नाहीत, समास कोरा ठेवला.

मग खांद्याला झोळी लावलेली तरुण मुलंमुली वस्तीत येऊ लागली. आमच्या ओट्यावर बसून कोणाचं काय गेलं, कोण कुठे आहे, ते लिहून घ्यायची. त्यातली एक ताई म्हणाली, “आम्ही समाजकार्य शिकतोय.” लोकांच्या मदतीला धावायचंही शिक्षण असतं, याचं मला फार नवल वाटलं होतं.

इस्माईल युसूफमधून बी.ए. झाल्यावर मी एम.एस.डब्ल्यू.ला गेले. तिथे कळलं, हे शिक्षण मुंबईत १९३६ पासून आहे. नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटांच्या नावाची शाळा निघाली; तीच आजची देवनारची ‘टिस’. १९५५ मध्ये निर्मला निकेतन सुरू झालं. जोगेश्वरीच्या वस्त्यांमधल्या तरुणांसोबतच्या कामातून १९८४ मध्ये ‘युवा’ ही संस्था उभी राहिली, हेही वर्गातच ऐकलं. आपली वस्ती कोणाच्या तरी शिक्षणाचा भाग होती, या विचाराने त्या दिवशी ऊर भरून आला होता.

आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क. संध्याकाळी घरी येऊन रेकॉर्डिंग लिहायचं: कोणाला भेटलो, काय बोलणं झालं, काय दिसलं. पानाच्या बाजूला सुपरवायझरसाठी समास सोडायचा. माझी फील्डवर्कची वस्ती जोगेश्वरीच्याच टेकडीवर होती. तिथली सातवीतली एक मुलगी शाळेत जायची थांबली होती. मी एका भेटीत लिहून टाकलं, ‘पालकांना शिक्षणाची आस्था नाही.’ मॅडमनी समासात लाल शाईने विचारलं, ‘हे पाहिलंत, की वाटलं?’

मला रात्रभर झोप लागली नाही. पुढच्या खेपेला मी सकाळपासून वस्तीत थांबले. बाराच्या सुमारास नळाला पाणी आलं. रांगेत ती मुलगी दोन हंडे आणि एक कळशी घेऊन उभी होती. आई घरकामाला, बाप नाक्यावर, आणि शाळा दुपारची. चढावरून तिसरी खेप संपेपर्यंत शाळेची घंटा कधीच होऊन गेलेली असायची. आस्था नव्हती म्हणणारी मी, आणि त्या घरात फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली तिची पुस्तकं.

मी काही मोठं केलं नाही. तिच्या आईशी बोलले, मग दोघी मिळून शेजारणींशी. एक मावशी म्हणाली, “अगं, आधी सांगायचं ना, भरते मी तिचे हंडे.” दोन आठवड्यांनी मुलगी शाळेत गेली.

त्या रात्री आईची वही काढून मी तिचे समास पुन्हा वाचले. माणसाची अडचण समजून घ्यावी आणि मगच त्याच्या दाराशी जावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला ते शिकायला दोन वर्षं लागली, आणि त्या शिक्षणाबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. माया आमच्या चाळीत भरपूर होती. आपल्या मनातलं आणि समोरचं वेगळं करायची शिस्त मला त्या पदवीने लावली.

आता विद्यार्थ्यांची रेकॉर्डिंग माझ्याकडे येतात. परवा एकीने लिहिलं होतं, ‘बाई सहकार्य करत नाहीत.’ मी पेन उचललं आणि समासात लिहिलं, ‘त्या दिवशी त्यांच्या घरी काय चाललं होतं?’