अंतर्गत प्रश्न म्हणजे कोणाचा प्रश्न?

आमच्या भंडारा जिल्ह्यात तिबेट आहे असे सांगितले, तर बाहेरगावचे पाहुणे हसतात. पण गोष्ट खरी आहे. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. तिचे नाव नोर्गेलिंग. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तो तालुका तिकडे गेला. आमच्या घरातली जुनी माणसे मात्र अजून त्याला भंडाराच म्हणतात.

हे लोक धानाची शेती करतात आणि हिवाळा लागला की स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. आम्ही विडी वळणाऱ्यांच्या घरातले. थंडीत स्वेटर घ्यायचा तर त्यांच्याकडूनच. आमच्या आजीने एकदा एका विकणारीला विचारले, ''कोण्या गावच्या वो बाई तुमी?'' ती म्हणाली, ''गोठणगावच्या.'' ''अन् त्याच्या आंधी?'' ती म्हणाली, ''त्याच्या आधीचं गाव मी पाह्यलंच नाही, आजी.''

ते गाव तिला का पाहता आले नाही? १९५० साली चिनी फौजा तिबेटात शिरल्या. १७ मार्च १९५९ ला दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि ३१ मार्चला ते भारतात पोचले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९५९, १९६१ आणि १९६५ असे तीन ठराव करून तिबेटी जनतेच्या मानवी हक्कांबद्दल चिंता व्यक्त केली. १९५९ च्या ठरावावर आपला भारत तटस्थ राहिला. १९७१ साली कम्युनिस्ट चीनला राष्ट्रसंघात जागा मिळाली. १९६५ नंतर आमसभेत तिबेटवर एकही ठराव मंजूर झालेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी सांगितले, की सुमारे १० लाख तिबेटी मुले सरकारी निवासी शाळांत आपल्या भाषेपासून तुटत आहेत. चीनचे उत्तर एकच : हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे.

आमच्या वस्तीत कोणी विचारतो, ''आपलं दुःख का कमी आहे, की तिबेटचं ओझं घ्यायचं?'' त्या भावाला आमचे सांगणे आहे, की 'अंतर्गत प्रश्न' हा शब्द आपणही ऐकला आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्या जनतेचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या राष्ट्रसंघाकडील अर्जाची प्रत मागितली होती, कारण अस्पृश्यांचे गाऱ्हाणेही तिथे न्यावे असे त्यांच्या मनात होते. २००१ साली डरबानच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न निघाला, तेव्हा आपल्याच सरकारने तो देशातला प्रश्न आहे म्हणून विरोध केला. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तेव्हा जगाने आपल्याकडे पाहावे असे आपल्याला वाटले की नाही? मग दुसऱ्याच्या वेळी मान फिरवून कसे चालेल?

बाबासाहेबांनी मान फिरवली नाही. १९५४ च्या मे महिन्यात ते आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्याच वर्षी २९ एप्रिलला भारताने करार करून तिबेट हा चीनचा प्रदेश मानला होता. २६ ऑगस्टला राज्यसभेत बाबासाहेबांनी सरकारच्या या धोरणावर कडक टीका केली.

ठरावाने फौज हटत नाही, हे खरे. पण ठराव नोंदला गेला, की जुलूम करणाऱ्याला निदान उत्तर द्यावे लागते आणि पीडिताला दाखवायला एक कागद राहतो. कागदाची किंमत आपल्याइतकी कोणाला कळणार? नोर्गेलिंगमध्ये तर आजही अनेकांना, इथेच जन्मून, परदेशी म्हणून नोंदणी प्रमाणपत्र मुदतीवर नवे करून घ्यावे लागते.

म्हणून आमची एवढीच सूचना. १० मार्च हा तिबेटी लोकांच्या उठावाचा स्मृतिदिन. त्या आठवड्यात विहारात वंदनेनंतर अर्धा तास त्यांच्यासाठी ठेवावा. वसाहतीतील कोणाला तरी बोलवावे, मुलांना पुढे बसवावे आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकावे.