येते म्हणायचं की जाते?

आमच्या घरातून निघताना कुणी 'जाते' म्हटलं की आजी उंबऱ्यापर्यंत येऊन दुरुस्त करते, 'येते म्हण गं.' मराठी घरांत हे सगळीकडेच चालतं. त्या शब्दाला वजन असतं हे मला श्रीलंकेत, मन्नारला कळलं, तेही शेवटच्या तीन दिवसांत.

धर्मप्रांताच्या युवा गटातून आम्ही अकरा जण बारा दिवसांसाठी गेलो होतो. मन्नार हे बेट आहे. पुलावरून आत गेलं की रस्त्यावर मोकाट गाढवं दिसतात, आणि गावात एक अवाढव्य बुंध्याची गोरखचिंच आहे, ती अरब व्यापाऱ्यांनी आणली असं म्हणतात. आमचं काम म्हणजे धर्मग्रामातल्या शाळेच्या दोन वर्गांना रंग देणं आणि संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवणं. (रंगाचं काम तिथल्या रंगाऱ्याने आमच्यापेक्षा लवकर आणि नीट केलं असतं, आणि आमच्या तिकिटांच्या पैशांत त्याची वर्षभराची मजुरी निघाली असती, हे आमच्यातल्या सगळ्यांनाच माहीत होतं.)

मुलं तमिळ बोलायची. मी बेळगावची, त्यामुळे कन्नड कानावर असतं. 'बा'चं तिथे 'वा' होतं, 'नीरु'चं 'तण्णीर', 'ऊरु'चं 'ऊर'. एवढ्या भांडवलावर मी भलतीच खुशीत होते. निरोप घेतानाचं वाक्यही आपल्यासारखंच निघालं. 'पोयिट्टु वारेन', म्हणजे जाऊन येते. नुसतं 'जाते' तिथेही म्हणत नाहीत.

दहाव्या दिवशी जेवणानंतर तिथल्या सिस्टरांनी आम्हाला थांबवून घेतलं. म्हणाल्या, 'मुलांना परत येऊ असं सांगू नका.' युद्ध 2009 साली संपलं. या भागात अशी कितीतरी घरं आहेत, जिथला माणूस 'पोयिट्टु वारेन' म्हणून गेला आणि त्याचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलेलं नाही. आया अजून फोटो घेऊन बसतात. ही मुलं युद्धानंतर जन्मली, पण अशाच घरांत वाढली. वर दर वर्षी कुठला ना कुठला गट येतो, सगळ्यांची नावं पाठ करतो, रडतो आणि जातो.

त्या रात्री आमच्यात बराच वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, प्रेमाने बोललेला शब्द एवढा काय तोलायचा? मला मात्र सिस्टरांचं पटलं. पुढच्या वर्षी मी एमएला असेन नाहीतर नोकरी शोधत असेन. तिकिटाचे पैसे पुन्हा कोण देणार?

निघायच्या आदल्या संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम झाला. भाषणात आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, आपण संत जोसेफ वाझ यांच्या पावलांवर चाललो आहोत. मला खुर्चीत अवघडल्यासारखं झालं. बाणावलीचे हे फादर 1687 मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले, कारण डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. पुढे कँडीत पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. तमिळ आणि सिंहली ते शिकले. 1711 मध्ये कँडीतच वारले, गोव्याला परतलेच नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली त्यांना संतपद दिलं, तेही कोलंबोत. त्यांची चोवीस वर्षं आणि आमचे बारा दिवस! मला तमिळचे तीसेक शब्द येत होते, त्यातले निम्मे खाण्याचे. निघताना वाझ यांनी घरच्यांना काय सांगितलं असेल, असा विचार मात्र मनात येऊन गेला. कोकणीत आम्ही 'येतां'च म्हणतो.

सकाळी बस आली. मी जिला रोज वाचायला शिकवत होते ती नऊ वर्षांची मुलगी फाटकापाशी उभी होती. म्हणाली, 'पोयिट्टु वांगो, अक्का.' जाऊन या. याला उत्तर ठरलेलं असतं आणि ती त्याची वाट बघत होती. मी 'नन्री' म्हटलं, तिचं नाव घेतलं. ती तशीच उभी. मग तिने इंग्रजीत विचारलं, 'व्हेन?' बारा दिवसांत मी तिच्याकडून घेतलं असलं उत्तर शंभर वेळा ऐकलं होतं. तेच दिलं, 'तेरियादु.' माहीत नाही.

'सरी,' ती म्हणाली. कन्नडमध्येही हाच शब्द आहे, ठीक आहे. तेवढ्यात शाळेची घंटा झाली आणि दप्तर सावरत ती नव्या रंगाच्या वर्गाकडे पळाली.